बोट कुठे अडलं?

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘चित्रकथा शिकणाऱ्याने टीका कशी घ्यावी’. त्यावर येतेच. पण आधी कौतुकाबद्दल बोलू द्या, कारण माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. आमच्या घरी पाहुणे आले की माझी वही बाहेर काढली जायची. ‘छान! हात चांगला आहे हो पोरीचा.’ मग चहा यायचा आणि वही परत कपाटात जायची. असल्या दहा वर्षांच्या ‘छान’ने माझी एक रेघसुद्धा सुधारली नाही.

तुम्ही बहुतेक सगळे अमर चित्रकथा आणि इंद्रजाल वाचून वाढलेले. मी त्यांतल्या राम वाईरकर आणि प्रताप मुळीक या चित्रकारांची पानं गिरवून शिकले. ‘टिंकल’मधला वाईरकरांचा सुप्पंडी आठवून बघा. अक्षर न वाचताही त्याने काय घोळ घातलाय ते कळतं. गिरवून रेघ हातात येते, पण ती चौकट तिथेच का, माणूस त्याच बाजूला का, हे गिरवून येत नाही. ते मला एका शिपाई मामांनी शिकवलं.

एकोणीस वर्षांची होते. आठ पानांची गोष्ट घेऊन सांगलीहून मुंबईला एका मासिकाच्या कचेरीत गेले. गोष्ट साधी होती: गडावरचा एक पोऱ्या रात्रीतून खालच्या गावात निरोप पोचवतो. संपादकांनी पानं टेबलावर मांडली, कागदाच्या पट्ट्या फाडून संवादांचे सगळे फुगे झाकले आणि मामांना हाक मारली. ‘मामा, गोष्ट सांगा.’ मामा पानावर बोट ठेवून सांगायला लागले. गड, रात्र, पोऱ्या निघाला. तिसऱ्या पानावर दुसऱ्या चौकटीत बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा थांबलं. ‘हा परत का फिरला? काही विसरला का?’

पोऱ्या परत फिरलाच नव्हता! आधीच्या चौकटीत तो डावीकडून उजवीकडे चालला होता. या चौकटीत मला दरवाजाचा बुरूज दुसऱ्या अंगाने देखणा वाटला म्हणून मी तिकडून काढला, आणि पोऱ्या उजवीकडून डावीकडे चालायला लागला. मी घाईघाईने सांगू लागले, ‘नाही मामा, तो...’ संपादकांनी हात वर केला. ‘थांब. अंकाबरोबर तू जात नाहीस.’

ते वाक्य आजही माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे.

पुढचं ऐका, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. मामा म्हणाले, तिथे लिहून टाका ना, ‘पुढे चालला’. संपादक म्हणाले, बुरूज काढूनच टाक. मी यातलं काहीही केलं नाही. ट्रेसिंग पेपर उलटा धरून ती चौकट आरशातल्यासारखी फिरवली. बुरूज राहिला आणि पोऱ्या पुन्हा उजवीकडे चालू लागला. दोघांचेही उपाय मला पटले नाहीत, पण दुखतंय कुठे ते दोघांनीही बरोबर दाखवलं होतं. टीका ऐकताना माणसं उपायावर भांडत बसतात आणि जागा विसरतात.

निघताना संपादक एवढंच म्हणाले, ‘तुझ्या गडावर गवत फार वाढतं.’ आठही पानांत घोड्यांचे खूर गवतात होते, कारण मला खूर काढता येत नव्हते! त्या पावसाळ्यात मी मिरजेच्या टांगा स्टँडवर जाऊन नुसते पाय काढले. मागच्या पायाचा जो सांधा आपण उलटा वळलेला गुडघा समजतो ती घोड्याची टाच असते. ती कळली आणि माझा घोडा उभा राहिला.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिलीत. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भरभर घेते.

शाई लावायच्या आधी पान दाखवा. जपानमध्ये मांगा, म्हणजे तिथल्या चित्रकथा, काढणारे आधी ‘नेमु’ करतात, म्हणजे चौकटी, संवाद, माणसं कुठे हे दाखवणारा पेन्सिलीतला कच्चा आराखडा. तो संपादकाला दाखवतात, तो चुका काढतो, ते पुन्हा करतात. पेन्सिल खोडायला दोन मिनिटं लागतात. शाई लावलेलं पान बदलायचं म्हटलं की जिवावर येतं, आणि मग आपण चुकीचीच वकिली करू लागतो.

‘कसं वाटलं?’ हे विचारूच नका, उत्तर ‘छान’ येणार. पान हातात द्या, गप्प बसा, बोटाकडे बघा. एक जण अडला तर नोंद करा. त्याच जागी दुसराही अडला तर पान बदला. ‘मला अशी जाड रेघ आवडत नाही’ हे आवडीचं झालं, ते ऐका आणि सोडा. ‘आधी कोण बोललं ते कळेना’ हे मात्र दुखणं आहे. आधी बोलणारा डावीकडे उभा करा.

आणि फुगे! इंग्रजी कॉमिक्स बघून आपण फुगे चिंचोळे काढतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार, त्याला उंची जास्त लागते. आधी अक्षर लिहा, मग फुगा काढा. हे मला एका अक्षर लिहिणाऱ्याने रागावून सांगितलं, आणि त्याचा राग अगदी रास्त होता.

वेळ संपली. ज्यांनी पानं आणलीत त्यांनी मागच्या टेबलावर मांडा. फुगे झाकायला पट्ट्या मी आणल्यात. पान ज्याचं असेल त्याने मात्र टेबलापासून चार पावलं लांब उभं राहायचं आणि बोलायचं नाही.