क्योतो कमी पैशात: हॉस्टेल कुठे घ्यायचं, बसचा पास घ्यायचा का, फुकट काय बघायचं

नमस्कार मंडळी. जपानमधल्या क्योतोत हॉस्टेल शोधताना बहुतेक जण ॲपमध्ये 'सर्वात स्वस्त आधी' लावतात आणि वरचं पहिलंच बुक करून मोकळे होतात. गणित तिथंच चुकतं. तीनशे येन वाचवायला शहराच्या कडेला बेड घेतला, की रोज बसने जाणं-येणं आलं. शहरातल्या बसचं तिकीट एका वेळचं 230 येन, जाऊन-येऊन 460. म्हणजे वाचवलेले तीनशे गेलेच, वर दीडशे खिशातून, आणि बसमध्ये उभं राहायचं ते वेगळंच. (100 येन म्हणजे अंदाजे 55 ते 60 रुपये धरा, भाव हलता असतो.)

[स्क्रीनवर नकाशा: क्योतो स्टेशन, गोजो, शिजो]

हा पट्टा बघा. कारासुमा ही मेट्रोची उभी लाइन. तिच्यावर क्योतो स्टेशन, पुढे गोजो, मग शिजो. हॉस्टेल या तिघांच्या आसपास घ्या. स्टेशनच्या दक्षिणेला, हाचिजो बाजूला, दर जरा उतरतात आणि स्टेशन तरीही चालत गाठता येतं. गोजोहून कियोमिझू मंदिरही चालत अर्ध्या तासाच्या आसपास. रात्री उशिरा बस मिळत नाहीत, तेव्हा हा पट्टा कामाला येतो. टॅक्सी केलीत तर दिवसभराची काटकसर एका फेरीत जाते.

डॉर्ममधला, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतला, बेड साधारण 2,500 ते 4,500 येनला मिळतो. पण मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे साकुरा, चेरीचा बहर. मध्य नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात, म्हणजे लाल पानांचा हंगाम. आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्यांचे दिवस. या दिवसांत तोच बेड दुप्पट होऊ शकतो. शनिवारची रात्र तर बाराही महिने महाग. जमत असेल तर शनिवारी ओसाकात राहा. हांक्यू रेल्वेने तिथल्या उमेदा स्टेशनहून क्योतो-कावारामाची 410 येन, पाऊण तास. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी कडक असते, पण खिशाला हेच महिने सगळ्यात सोयीचे.

बुकिंगच्या रकमेवर शहराचा मुक्काम-कर येतो, बरेचदा काउंटरवर वेगळा मागतात. दर माणशी, दर रात्री. खोलीचा दर माणशी 6,000 येनच्या आत असेल तर 200 येन. मार्च 2026 पासून त्याच्या वर, 20,000 च्या आत, 400. तेव्हा काउंटरवर पैसे मागितले तर फसवणूक समजून वाद घालू नका. पासपोर्टची प्रतही घेतात, तो तिथला नियमच आहे.

आता बुक करण्याआधी चार गोष्टी वाचा. लॉकर केवढा आहे? बऱ्याच ठिकाणी त्यात पाठीवरची सॅक मावते, चाकाची मोठी बॅग नाही. टॉवेल दरात आहे की भाड्याने? स्वयंपाकघर आहे का, आणि रात्री किती वाजता बंद होतं? कपडे धुवायचं नाणी टाकून चालणारं मशीन आहे का? ते असेल तर तीन जोड कपड्यांत आठवडा निघतो. कॅप्सूल हॉटेल, म्हणजे खोलीऐवजी झोपण्यापुरतं खोकं, स्वस्त दिसलं तरी एक लक्षात ठेवा: कॅप्सूलला पडदा असतो, कुलूप नसतं, आणि काही ठिकाणी सलग राहणाऱ्यांनाही सफाईसाठी रोज सकाळी बाहेर काढतात.

डॉर्ममध्ये सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? पहाटे प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या चुरचुरीचा. सकाळी लवकर निघायचं असेल तर सामान रात्रीच भरून ठेवा. फोनवर बोलायचं ते खाली लाउंजमध्ये. फ्रिजमधल्या डब्यावर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर सफाईत टाकून देतात.

प्लगचं काय? जपानमध्ये दोन चपट्या पट्ट्यांचा, 100 व्होल्टचा. अडॅप्टर घरूनच न्या. मोबाइलच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असेल तर चालतो. पण आपली 230 व्होल्टची किटली तिथं धड पाणी उकळत नाही, ती नेऊच नका.

[स्क्रीनवर: बसचं मागचं दार]

बसमध्ये चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या, पैसे उतरताना. डब्यात टाकलेल्या पैशांतून सुट्टे परत मिळत नाहीत. शेजारच्या यंत्रात आधी मोडून घ्यायचे, आणि ते यंत्र 1,000 च्या वरची नोट घेत नाही. म्हणून इकोका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घ्या: 2,000 येन, त्यातले 500 अनामत.

जुन्या माहितीत 700 येनचा बस पास सांगतात. त्याची विक्री सप्टेंबर 2023 मध्येच थांबली. आता आहे तो 1,100 येनचा मेट्रो आणि बसचा एक दिवसाचा पास. पाचव्या बसला तो वसूल होतो. पण नीट आखलेल्या दिवशी पाच बस लागतच नाहीत, आणि जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत हा पास चालत नाही. आमचं मत, बहुतेकांनी घेऊ नये.

उदाहरणार्थ, फुशिमी इनारी. कमानींचं ते केशरी मंदिर. फुकट, चोवीस तास उघडं. क्योतो स्टेशनहून जेआर नारा लाइनने दुसरं स्टेशन, 150 येन. फक्त लोकलच पकडा. मियाकोजी नावाची जलद गाडी इनारीला थांबत नाही, पुढे रोकुजिझोला नेऊन सोडते. सकाळी सातच्या आत पोचा. मंदिरामागचा डोंगर 233 मीटर, पूर्ण फेरीला दोन ते तीन तास. गर्दी योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंतच असते. तिथून शहर दिसतं, तिथूनच परतलात तरी काही बिघडत नाही. अराशियामालाही बसने जाऊ नका. जेआरने सागा-अराशियामा स्टेशन पंधरा-सोळा मिनिटांत येतं. तिथलं बांबूचं बन फुकट.

दुसऱ्या दिवशी पायीच. कियोमिझू सकाळी सहाला उघडतं, तिकीट 500 येन, आणि पैसे खर्चायचे तर इथं खर्चा. तिथून सान्नेनझाका, निनेनझाकाच्या उताराने खाली, यासाका मंदिर, मारुयामा बाग, चिओन-इनचं प्रचंड दार, मग नानझेन-जी. नानझेन-जीच्या आवारात विटांचा जलसेतू आहे, बिवा सरोवराचं पाणी शहरात आणणाऱ्या कालव्याचा, 1888 चा. तो बघायला तिकीट नाही. पुढे कालव्याकाठची दोन किलोमीटरची तत्त्वज्ञांची वाट. सम्राटांचा जुना राजवाडाही फुकट, आगाऊ नोंदणी लागत नाही, पण सोमवारी बंद. गिओनमध्ये, म्हणजे गेइशांच्या जुन्या वस्तीत, खासगी गल्ल्यांत शिरू नका, पाट्यांवर 10,000 येन दंड लिहिलेला आहे.

शाकाहारींनो, इथं जरा थांबा. उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, साध्या दिसणाऱ्या रश्शात दाशी असतं, म्हणजे सुक्या माशांचा अर्क. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. त्यामुळे हॉस्टेलचं स्वयंपाकघर हेच खरं हॉटेल: तयार भात, तोफू, केळी, अंडी खात असाल तर अंडी. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटमध्ये तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते, कधी निम्म्या किमतीपर्यंत. घरून मसाले, चटण्या न्या. ताजा कढीपत्ता, फळं आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवले जातात.

शेवटच्या दिवशी चेक-आउट दहा-अकराला, आणि विमान किंवा गाडी संध्याकाळची. बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवायला धावू नका, मोठे लॉकर सकाळीच भरतात. बहुतेक हॉस्टेलं त्या दिवशी सामान फुकट सांभाळतात. काउंटर किती वाजता बंद होतो, एवढं आदल्या रात्री विचारून घ्या.