आपण नसताना कोटेशन बोलतं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते मुंबईतल्या लॉनवाल्यांशी, म्हणजे सोसायट्यांच्या, शाळांच्या हिरवळीचं काम घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी सोसायटीच्या कमिटीवर असणारच.

फोन येतो, "लॉनचा रेट काय?" आणि आपण तिथल्या तिथे चौरस फुटाचा भाव सांगून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. मुलुंडच्या एका सोसायटीचं काम असंच फोनवर ठरलं. मेक्सिकन गवत घेऊन टेम्पो गेटवर पोचला तेव्हा मान वर करून पाहिलं, तर दोन थोराड पर्जन्यवृक्ष आणि खाली दिवसभर सावली. मेक्सिकनला ऊन लागतंच. तरी लावलं, माल आला होता ना! दोन महिन्यांत मधोमध माती दिसायला लागली आणि उरलेले पैसे मागायला तोंड राहिलं नाही. तिथे रुंद पानाचं बफेलो हवं होतं. हे कळायला पाच मिनिटांची चक्कर पुरली असती.

आता टेप आणि खुरपं नेल्याशिवाय मी भाव काढत नाही. सेक्रेटरी म्हणतात, 3000 फूट आहे. टेप लावा. पायवाट, घसरगुंडीचा चौथरा वगळला की कधी कधी 2200 च भरतं. तो आकडा त्यांच्यासमोरच लिहा. आपण होऊन बिल कमी करणारा माणूस लक्षात राहतो. मग एक कोपरा उकरा. वीतभर खाली बिल्डरचा राडारोडा लागला तर एक तुकडा त्यांच्या हातात द्या, नागरमोथ्याची, म्हणजे त्या चिवट तणाची, गाठ दाखवा. आधीचं लॉन का टिकलं नाही, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन छत बघा. गळत असेल तर पहिलं वॉटरप्रूफिंग, मग माती, असं स्पष्ट सांगा. काम वर्षभर लांबेल. लांबू द्या; गळतीचं खापर आपल्या माथी फुटण्यापेक्षा ते परवडलं.

खरी गोम पुढेच आहे. आपण भेटतो सेक्रेटरींना, पण निर्णय होतो कमिटीत, रात्री जेवणं उरकल्यावर, आणि तिथे आपण नसतो. टेबलावर तीन कोटेशनं, आणि सगळ्यांची नजर खालच्या बेरजेवर. कुणीतरी विचारतं, "हा एवढा महाग का?" त्याचं उत्तर कागदावरच हवं. पावसाळ्यात दर 8 ते 10 दिवसांनी कापणी, एरवी 15 ते 20. खत किती वेळा, तण काढणं धरलंय का, कापलेलं गवत कोण उचलणार, पाणी कोण घालणार, माळी गावी गेला तर बदली कोण. 'संपूर्ण देखभाल' असं लिहून सुटू नका. भांडणं त्याच दोन शब्दांवरून होतात. आणि हे सगळं एका पानात बसवा, दुसरं पान कुणी उलटत नाही.

आता वेळेचं. गवत चांगलं धरतं ते जूनच्या पहिल्या पावसानंतर. सोसायटीची वार्षिक सभा मात्र 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. तिथे मंजुरी मिळवून लगेच लॉन लावायला गेलात तर ऑक्टोबरच्या उन्हात टँकर मागवावे लागतात. म्हणून मंजुरी या सप्टेंबरची, लागवड पुढच्या जूनची. यात एक अडचण आहे: पावसात तणसुद्धा लॉनसारखंच हिरवंगार दिसतं, त्यामुळे सभेत कुणालाच खर्चाची गरज वाटत नाही. मी मे महिन्यातच त्या करपलेल्या पट्ट्याचे फोटो काढून ठेवतो आणि सप्टेंबरला कोटेशनसोबत जोडतो.

कागद हातात देतानाच मीटिंग कोणत्या तारखेला आहे ते विचारा आणि दुसऱ्या दिवशी एक फोन करा. एकच. काम दुसऱ्याला गेलं असेल तर कितीत दिलं ते विचारू नका. करार कधी संपतो तेवढं विचारा आणि डायरीत त्या तारखेच्या दोन महिने आधीच्या पानावर सोसायटीचं नाव लिहून ठेवा. नमस्कार.