दुसरा फटका

[दृश्य: सकाळ. दवाने ओलं गवत. गोल्फ कोर्स. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, चौघं जण, हातमोजे चढवताना.]

चेंडू अजून खिशात आहे, पण एक निर्णय आत्ताच होणार आहे. खेळायचं कुठून? सगळ्यात मागे, म्हणजे सगळ्यात लांबून, काळ्या खुणा, मग निळ्या, पांढऱ्या आणि पुढे लाल. रंग कोर्सनुसार बदलतात, पेच सगळीकडे तोच. "निळ्यावरून खेळू या," एक जण म्हणतो. उरलेले तिघं मान हलवतात. तिघांच्याही मनात पांढऱ्या खुणा आहेत. पण ते आधी बोलून दाखवणार कोण?

पुढचे साडेचार तास कसे जाणार, ते इथेच ठरलं.

[दृश्य: एका होलचं आकाशातून दिसणारं चित्र. फटक्यांच्या रेषा उमटतात.]

हा पार ४ चा होल, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावा असा, ४२० यार्डांचा. मोठ्या स्पर्धांत खेळणारा व्यावसायिक ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला लांब फटका, मारतो, साधारण ३०० यार्ड. उरले १२०. तो वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब (काठी), काढतो, चेंडू उंच चढतो, ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या तुळतुळीत गवतावर, टप्पा घेतो आणि थांबतो.

आता आपला माणूस. हौशी पुरुष खेळाडूचा ड्राइव्ह सरासरी २१५ यार्डांच्या आसपास जातो. विचारलं तर तो २५० सांगेल. एकदा गेलाही होता म्हणा, वारा पाठीशी होता आणि पुढे उतार. त्याला उरतात २०५. हातात फेअरवे वूड, लांब फटक्याचा क्लब. फटका झकास बसला तरी चेंडू खालून, वेगात येतो, आणि ग्रीनच्या तोंडाशी बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. ही ग्रीन वरून उतरणाऱ्या चेंडूसाठी आखलेली, आणि याचा चेंडू तर घरंगळत येणार. मग तिसरा फटका, चौथा, आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू घरंगळवत होलात घालणं, अजून बाकीच.

असं एकदा घडलं तर गंमत. होलमागून होल हेच, शेवटी ग्रीनजवळून छोटा चिप. वूड, वूड, चिप. वूड, वूड, चिप. नियमाने बॅगेत १४ क्लब ठेवता येतात. याच्या बॅगेतला आठ नंबरचा आयर्न, मधल्या अंतराचा क्लब, बघा, त्याला गवताचा डागसुद्धा नाही.

लांब कोर्स सामान्य खेळाडूचा दुसरा फटका हिरावून घेतो. स्कोअर वाढतो ते वेगळंच, त्याचं दुःख घरी जाईपर्यंत ओसरतं. पण अंतर बघायचं, वारा बघायचा, हा क्लब की तो म्हणून घुटमळायचं आणि मग ग्रीनवर नेम धरायचा, यातच तर खेळाची चव आहे.

जरा गणित करू. व्यावसायिकाच्या ३०० ला याचे २१५. त्या प्रमाणात ६,५०० यार्डांचा कोर्स त्याला किती मोठा पडतो? व्यावसायिकाच्या मापाने ९,००० यार्डांहून जास्त. २०१७ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा एरिन हिल्स कोर्सवर झाली तेव्हा कोर्सची लांबी होती ७,७४१ यार्ड, आणि त्याचीच केवढी चर्चा झाली!

[दृश्य: दोन कोर्स, पडद्यावर शेजारी शेजारी.]

आणि तिथे झालं काय? ब्रूक्स केप्का पारपेक्षा १६ फटके कमी घेऊन जिंकला. त्याआधी चार वर्षं, २०१३ मध्ये, हीच स्पर्धा मेरियनवर झाली होती. लांबी ६,९९६ यार्ड. अरुंद फेअरवे (कापलेल्या गवताची वाट), दाट रफ (कडेचं वाढलेलं गवत). जस्टिन रोज जिंकला तो पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन. म्हणजे ताकदवान खेळाडूला लांबीने अडवता येत नाही. लांबी अडवते ती आपल्याला.

कोर्सचं रेटिंग, म्हणजे तो किती अवघड ते, ठरवताना अमेरिकेतली गोल्फ संघटना यूएसजीए हेच हिशेबात धरते. निष्णात खेळाडूला दर २२० यार्डांमागे एक फटका जास्त लागतो, बोगी खेळाडूला, म्हणजे साधारण दर होलला एक फटका जास्त घेणाऱ्याला, दर १६० यार्डांमागे. टी मागे सरकून कोर्स एकूण ५०० यार्डांनी लांबला, तर पहिल्याचं नुकसान सव्वादोन फटक्यांचं, दुसऱ्याचं तीनहून जास्त.

मग कोर्स लांबले कशाला? १९९७ मध्ये टायगर वूड्सने मास्टर्स ही स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. ती जिथे होते तो ऑगस्टा नॅशनल कोर्स तेव्हा होता ६,९२५ यार्डांचा. २००६ पर्यंत तो ७,४४५ वर गेला. ऑगस्टाला ते परवडतं, तिथे वर्षातून एक आठवडा जगातले उत्तम खेळाडू येतात. रविवारी चार मित्र जिथे खेळतात, त्या कोर्सला 'चॅम्पियनशिप' लांबीची हौस कशासाठी, हे मला कधी कळलेलं नाही. जास्त गवत, जास्त पाणी, जास्त चालणं, आणि पुढच्या गटाची वाट बघत उभं राहणं.

[दृश्य: लाल खुणा, जवळून.]

लाल टीला 'लेडीज टी' म्हणायची सवय तर दोघांनाही नडते. पुरुष तिकडे फिरकत नाहीत, आणि ज्या बाईचा ड्राइव्ह १५० यार्ड जातो तिला ती लाल टीसुद्धा बऱ्याचदा लांबच पडते. कोर्सची आखणी करणाऱ्या अ‍ॅलिस डाय यांनी बायकांसाठी एकाऐवजी दोन टी ठेवा, हा आग्रह वर्षानुवर्षं धरला.

२०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड', म्हणजे पुढच्या टीवरून खेळा, ही मोहीम सुरू झाली. कल्पना क्लब बनवणाऱ्या बार्नी अ‍ॅडम्स यांची, पाठीशी व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना पीजीए ऑफ अमेरिका आणि यूएसजीए. सांगणं सरळ होतं: वयाकडे बघू नका, स्त्री की पुरुष तेही नको, आपला ड्राइव्ह किती जातो ते बघा. २२५ यार्ड जात असेल तर ५,८०० ते ६,००० यार्डांचा कोर्स. २०० असेल तर ५,२०० ते ५,४००. १५० असेल तर ३,५०० ते ३,७००.

पुढून खेळलं तर खेळ पोरकट होतो, असं म्हणणाऱ्याने कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच कोर्सचा सातवा होल बघावा. जेमतेम १०७ यार्ड, समोर समुद्र. वारा सुटला की कसलेले खेळाडूही क्लब बदलत राहतात. शिवाय मागून खेळताना जो बंकर आपल्या आवाक्यातच नव्हता, तो पुढे आल्यावर नेमका वाटेत उभा राहतो. डावीकडून जावं की उजवीकडून, हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदाच पडतो. एखाद्या नामांकित कोर्सवर हौसेने एकदा मागून खेळावं, त्यात वावगं काही नाही. रोज मात्र नको.

[दृश्य: तेच चौघं, दुसरा दिवस. पांढऱ्या खुणा.]

आज कुणीतरी बोललं. होल ३४५ यार्डांचा. ड्राइव्ह नेहमीचाच, २१५. उरले १३०.

तो बॅगेत हात घालतो. थांबतो. नऊ नंबर? वारा समोरून आहे. आठच.

[दृश्य: फटका. चेंडू वर, आणखी वर. ग्रीनवर एक बारीक खळगा.]

चेंडू झेंड्यापासून वीसेक पावलांवर आहे. पट लांबचा आहे, जाईल असं नाही. तो आठ नंबरचा आयर्न उलटा करतो, पात्याला चिकटलेलं गवत अंगठ्याने पुसतो, आणि बाकीच्यांच्या मागे न पळता ग्रीनकडे सावकाश चालायला लागतो.