विंगेगॉरनं आता जिरोला जावं

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी सायकलवर सिंहगड चढणारे जे कोणी आज ऐकत असतील त्यांना माहितीये, वर पोचलं की आधी दम खायचा, मग कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि मग वाद. आमच्या ग्रुपमधे गेली तीन-चार वर्षं वाद एकच, युरोपातल्या सायकल शर्यतींचे हे दोन बादशहा, त्यातला पोगाचार भारी की विंगेगॉर. पण आज मला वेगळंच बोलायचंय. भारी कोण ते पाय ठरवतात, पण कुठल्या शर्यतीसाठी पाय राखायचे हे डोक्यानं ठरवावं लागतं, आणि माझं ठाम मत आहे की विंगेगॉरचं तिथेच चुकत आलंय.

ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. वर्षात तीन मोठ्या शर्यती. मे महिन्यात इटलीची जिरो, जुलैत टूर द फ्रान्स, आणि ऑगस्टच्या शेवटी सुरू होणारी स्पेनची व्हुएल्टा. प्रत्येक तीन आठवड्यांची, २१ स्टेज म्हणजे रोजचा एक टप्पा, रोजचा वेळ मोजून बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढेल तो घाटाचा राजा, तसा तिकडेही घाटाचा राजा असतो, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी घालतो, ती या दोघांनीही मिळवलेली आहे.

२०२५ चा सीझन संपला तेव्हाचा हिशोब असा. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार, वय २७, चार टूर आणि एक जिरो, व्हुएल्टा नाही. डेन्मार्कचा योनास विंगेगॉर, त्याच्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी मोठा, दोन टूर आणि एक व्हुएल्टा, जिरो नाही. म्हणजे दोघांच्याही संग्रहात एकेकच शर्यत कमी. तिन्ही शर्यती जिंकलेली माणसं तोवर सातच झाली होती, आंकेतिल, जिमोंदी, मर्क्स, इनो, कोंतादोर, निबाली आणि फ्रूम, बस.

आता माझा मित्र काय म्हणतो, तो म्हणतो अरे जग फक्त टूर बघतं, विंगेगॉरनं वर्षभर काही करू नये, जुलैसाठी शिल्लक राहावं. आणि हे त्याचं अगदीच चूक नाही हां, कारण २०२२ ला आणि २०२३ ला हेच करून तो जिंकला होता. २०२२ ची अकरावी स्टेज मी किती वेळा बघितलीये ते मोजलेलं नाही. आधी गालिबिएचा घाट, २६४२ मीटर, तिथे विंगेगॉर आणि त्याचा टीममेट रोगलिच आळीपाळीनं अटॅक करतायत, एक गेला की पोगाचार त्याच्या मागे, तो परत आला की दुसरा गेला, पोगाचार पुन्हा मागे, अंगावर पिवळी जर्सी, म्हणजे टूरमधे एकूण वेळेत पुढे असलेल्याची, आणि प्रत्येक वेळी उत्तर देतोय, एकटा. मग शेवटचा ग्रानोन, ११.३ किलोमीटरचा घाट, ९.२ टक्के चढ, माथा २४१३ मीटरवर, आपलं कळसूबाई १६४६ आहे म्हणजे बघा. शिखर साधारण पाच किलोमीटर राहिलं असताना विंगेगॉर सुटला आणि पोगाचार पहिल्यांदा जागेवरून हललाच नाही. जर्सीची चेन उघडी, कापड दोन्ही बाजूंना फडफडतंय, खांदे डुलतायत, आणि एकेक जण येऊन त्याला मागे टाकून जातोय. त्या दिवशी त्यानं २ मिनिटं ५१ सेकंद घालवली. ते नुसत्या पायांचं काम नव्हतं, अख्ख्या टीमनं मिळून आखलेलं आणि तसंच्या तसं पार पाडलेलं काम होतं.

पण पुढे काय झालं ते बघा. २०२४ च्या एप्रिलमधे बास्क प्रांतातल्या शर्यतीत विंगेगॉर भयंकर पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, १२ दिवस हॉस्पिटलमधे. तीन महिन्यांच्या आत हा माणूस टूरच्या स्टार्टलाइनवर उभा होता आणि अकराव्या स्टेजला त्यानं ल लिओरॉंला पोगाचारला स्प्रिंटमधे हरवलं, फिनिशनंतर बोलताना रडला. माझ्याही डोळ्यात पाणी होतं. तरी टूर ६ मिनिटं १७ सेकंदांनी गेली. २०२५ ला धड होता, टीम तगडी होती, सगळी तयारी जुलैची होती, आणि ओताकामच्या एका घाटावर पोगाचारनं २ मिनिटं १० सेकंद काढली, तेही आदल्या दिवशी तुलूजमधे पडलेला असताना. शेवटी फरक ४ मिनिटं २४ सेकंद. मग मी मित्राला विचारतो, की बाबा सगळं राखून ठेवून जर हा निकाल येत असेल तर राखून नेमकं काय मिळवलं?

उलट तो पोगाचार बघा. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत शर्यती मारतो, एका दिवसाच्या मोठ्या शर्यतींमधे फ्लँडर्स जिंकतो, रूबेच्या दगडी रस्त्यांवर पहिल्याच वेळी जाऊन दुसरा येतो, लोंबार्दिया सलग पाच वर्षं जिंकतो. २०२४ ला जिरो आणि टूर एकाच वर्षी, १९९८ च्या पांतानीनंतर पहिल्यांदाच. मला वाटतं त्याला शर्यत हाच सराव आहे. (त्यानंही एकदा सगळं सोडून व्हुएल्टाला जावं असं मला वाटतं, २०१९ ला विशीतलं पोरगं असताना तिथे तिसरा आला होता, पण पाचवी टूर समोर दिसतेय, तो कशाला ऐकतोय.)

मित्राचा खरा मुद्दा असा की जिरो केली की टूरपर्यंत मधे जेमतेम पाच आठवडे, पाय भरून येत नाहीत. बरोबर आहे, सोपं नाहीच. पण २०१८ ला फ्रूम जिरो जिंकून टूरमधे तिसरा आला आणि डुमुलँ तर दोन्हीकडे दुसरा आला. लांब कशाला, २०२५ ला विंगेगॉरच्याच टीममधला सायमन येट्स जिरो जिंकला, फिनेस्त्रे घाटाच्या कच्च्या रस्त्यावर शेवटून दुसऱ्या दिवशी सगळं उलटवून, आणि जुलैमधे टूरची एक स्टेजही जिंकला. आणि विंगेगॉर एका वर्षात दोन मोठ्या शर्यती झेपवतो हे त्यानं दाखवलंय, २०२३ ला टूर पहिला आणि व्हुएल्टा दुसरा, २०२५ ला टूर दुसरा आणि व्हुएल्टा पहिला. क्रम उलटा आहे हे मान्य, पण शरीर तेच आहे ना.

अजून एक सांगतो. २०२२ च्याच टूरमधे स्पांदेलचा घाट उतरताना पोगाचार खडीवर घसरून पडला. विंगेगॉर पिवळ्या जर्सीत होता, पुढे निघून गेला असता तर कोणी अडवलं नसतं. त्यानं पेडल मारणं थांबवलं, मागे वळून वळून बघत राहिला. पोगाचार धुळीनं माखलेला मागून आला, जवळ येऊन हात पुढे केला, आणि चालत्या सायकलवर दोघांनी हात मिळवला. असा माणूस नुसता "दुसरा आलेला" म्हणून लक्षात राहावा हे मला पटतच नाही.

आणि ती २०२५ ची व्हुएल्टा त्यानं जिंकली ती कशी, तर गाझाच्या प्रश्नावरून निदर्शनं चालली होती, माद्रिदमधे लोक रस्त्यावर उतरले, शेवटची स्टेज मधेच थांबवावी लागली, बक्षीस समारंभ रद्द. मग रात्री एका हॉटेलच्या पार्किंगमधे रायडर लोकांनीच पेयं थंड ठेवायचे खोके मांडले, त्याचंच पोडियम, त्यावर व्हुएल्टा विजेत्याची लाल जर्सी घालून विंगेगॉर उभा, समोर टीमची माणसं, बास. हसत होता बिचारा. त्याच्यासाठी तरी मला मे महिन्यातलं रोम बघायचंय, जिरोची शेवटची स्टेज, अंगावर विजेत्याची गुलाबी जर्सी, दोन्ही बाजूंना लोक, आणि उभं राहायला खरंखुरं पोडियम.