इंजिन उतरवण्याआधी

(दृश्य: पहाट. केबिन पुढे कललेला जुना ट्रक. सेल्फचा आवाज.)

सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही धरत नाही. तिसऱ्या खेपेला एखादा सिलिंडर पेटतो, मग दुसरा, आणि मागून धुराचा लोट निघतो.

दुपारी हाच ट्रक चावी फिरवताच सुरू होतो. त्यामुळे मालकाने बरेच दिवस तिकडे काणाडोळा केला. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा साधारण १७-१८ पट दाबली जाते, ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो तो लायनर झिजले की दाबतानाच हवा खाली निसटते. गार इंजिनात मग ती पेटण्याइतकी तापतच नाही.

आता मालकापुढे प्रश्न आहे: हेच इंजिन पुन्हा बांधायचं, की दुसरं चढवायचं?

बहुतेक जण धूर बघूनच निकाल लावतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे खरं. पण ऑइल कुठून येतंय? रिंगांमधून येत असेल, झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून येत असेल, किंवा टर्बोच्या सीलमधून. टर्बोच्या दोषापायी आख्खं इंजिन बदलणं म्हणजे उंदरासाठी घर पाडणं. पाण्यात ऑइल उतरलं तरी ब्लॉकच, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, फुटला असं नाही. ऑइल कूलर आतून गळत असू शकतो.

(दृश्य: नोझल काढलेलं हेड. हवेची नळी जोडली जाते.)

हे आता नीट ऐका. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा. थोडी हवा निसटणारच, नव्या इंजिनातही निसटते. कुठून आणि किती, ते बघायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. हवेच्या फिल्टरकडून आली तर इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट गेलंय, नाहीतर कुठेतरी तडा आहे. आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून...

(निवेदन थांबते. फक्त हवेचा आवाज.)

ब्रीदरमधून अशी धार लागली, की वाट रिंगांजवळून आहे. सगळ्या सिलिंडरमध्ये सारखीच गळती असेल तर ही वयाची झीज. एकाच सिलिंडरमध्ये जास्त असेल, तर तिथे काहीतरी घडलंय.

इथपर्यंत इंजिन ट्रकमध्येच आहे. पुढचं मात्र खोलल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य: उतरवलेलं इंजिन. लायनरमध्ये बोअर गेज.)

लायनरला वरच्या बाजूला, सगळ्यात वरची रिंग जिथून परत फिरते तिथे, बोटाला एक कडा लागते. झीज सर्वांत जास्त त्या कडेच्या लगेच खाली. मिस्त्री वर, मध्ये आणि खाली मोजतो; मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा मोजतो, कारण लायनर नुसता रुंदावत नाही, लंबगोल होतो. सगळा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

पण लायनर आणि पिस्टन बदलण्यासाठीच असतात. वेट लायनर, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं तो, तर ओढून काढायचा आणि नवा बसवायचा. इंजिन वाचणार की नाही, हे ठरवतात दोन वस्तू: ब्लॉक आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा.

क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर, चरे पडले असतील तर ग्राइंडिंग होतं, म्हणजे ते घासून बारीक करतात. नेहमीच्या पायऱ्या पाव मिलिमीटरच्या, आणि प्रत्येक पायरीला तितकी जाड बेअरिंग लागतात. मागच्या कामांत क्रँक शेवटच्या पायरीवर आलेला असेल, तर आता काढायला काही उरलेलं नाही. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. क्रँकमध्ये चुंबकत्व भरून त्यावर लोखंडी भुकटी टाकली की ती तड्यावर रेघ धरते. ब्लॉकमध्ये लायनरची बैठक पाण्याने खाल्ली आहे का, मेन बेअरिंगची घरं एका ओळीत आहेत का, हे बघायचं. दोन्ही धड असतील आणि सुटे भाग मिळत असतील, तर माझं मत सरळ आहे: बांधा. प्रत्येक माप तुमच्यासमोर घेतलेलं इंजिन हाती येतं.

अर्धवट काम मात्र नको. लंबगोल, गुळगुळीत झालेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर त्या बसतच नाहीत. चार महिन्यांनी डिपस्टिक पुन्हा तेच सांगते: ऑइल जळतंय.

ब्लॉक फुटलाय, किंवा कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आलाय? मग वाद संपला, दुसरं इंजिन बघा. गाडी उभी ठेवणं परवडत नसेल तेव्हाही तयार, रिकंडिशन केलेलं इंजिन हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. पण त्यात कोणती मापं घेतली, काय नवं घातलं, हे कागदावर मागा. नुसतं वापरलेलं इंजिन म्हणजे झाकली मूठ. वरून रंग मारलेला असतो, आतला क्रँक कोणी पाहिलेला नसतो. निदान तेलाचं चेंबर उतरवून एक-दोन बेअरिंग बघितल्याशिवाय ते घेऊ नये. शिवाय माउंटिंग, क्लच हाउसिंग, वायरिंग जुळायला हवं, आणि गाडीच्या कागदांवरचा इंजिन नंबर बदलावा लागतो, तो वेगळाच.

आणि एक गोष्ट दोन्ही वाटांवर सारखी. जुनं इंजिन मेलं कशाने? तुंबलेल्या रेडिएटरमुळे तापून मेलं असेल, तर तोच रेडिएटर नव्यालाही तापवणार. बेअरिंग चुरून गेलं असेल, तर त्याचा चुरा ऑइल कूलरमध्ये बसलेला असतो. तो कूलर तसाच जोडला, तर पहिल्याच फेरीत चुरा नव्या बेअरिंगमध्ये जातो.

(दृश्य: बांधलेलं इंजिन पुन्हा ट्रकमध्ये. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर.)

या ट्रकचा क्रँक एकदाच ग्राइंड झालेला निघाला. ब्लॉक धड होता. इंजिन बांधलं.

डिझेल बंद ठेवून मिस्त्री सेल्फ मारतो. थांबतो. पुन्हा मारतो. मालक विचारतो, "अहो, डिझेल सोडा की आता."

मिस्त्रीची नजर काट्यावर आहे. "थांबा मालक. आधी ऑइल वर येऊ द्या."

काटा हलतो.