स्नोड्रॉपच्या रानात वेगळं फूल शोधताना

मंडळी, नमस्कार. स्नोड्रॉप हे फूल इथल्या बऱ्याच जणांनी फोटोतच पाहिलं असेल. मला ते स्लोव्हेनियात भेटलं. नोकरीमुळे काही वर्षं मी ल्युब्लियानात राहत होते. तिथे याला ‘झ्वोन्चेक’ म्हणतात, म्हणजे छोटी घंटा. फेब्रुवारी सरता सरता, बीचच्या झाडांना पालवी फुटायच्या आत, ओल्या पाचोळ्यातून ही फुलं वर येतात. पानांची टोकं इतकी कडक असतात की गारठलेली माती फोडून ती बाहेर पडतात. पहिला पाऊस पडला की आपल्या माळांवर पँक्रॅटियमची पांढरी फुलं उमलतात ना, त्यांच्याच कुळातलं हे फूल. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला नाव दिलं गॅलँथस निवॅलिस. गॅलँथस म्हणजे दुधाचं फूल, निवॅलिस म्हणजे बर्फातलं.

वेगळं फूल ओळखायचं असेल तर आधी नेहमीचं फूल पाठ पाहिजे. पहिला हंगाम मी त्यातच घालवला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. देठाच्या टोकाला एक महाछद, म्हणजे कळीला झाकणारं आवरण, असतो आणि त्यातून नाजूक दांडीवर एकच फूल खाली लोंबतं. वरती हिरवं, मण्यासारखं अंडाशय. बाहेर तीन लांब, शुभ्र पाकळ्या. आत तीन आखूड पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच आणि त्या खाचेभोवती हिरवी खूण, उलट्या ‘व्ही’सारखी. ही आतली खूण वरून दिसतच नाही. मी दातांचे डॉक्टर वापरतात तसा दांडीचा छोटा आरसा सोबत ठेवायचे. फुलाला हात न लावता तो खाली सरकवायचा आणि आत बघायचं. शिवाय थंडीत फूल मिटलेलं असतं. हवा साधारण १० अंशांच्या वर गेली की बाहेरच्या पाकळ्या फाकतात. त्यामुळे शोधायला जायचं ते उन्हं वर आल्यावर.

आता वेगळेपणा कशाकशात दिसतो? कधी हिरवी खूण पार नाहीशी होते आणि फूल आतून-बाहेरून पांढरं होतं. कधी तोच हिरवा रंग बाहेरच्या पाकळ्यांच्या टोकांवर उतरतो. कधी अंडाशय आणि खूण दोन्ही पिवळी असतात. अशी पिवळी फुलं एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये सापडली आणि आजही लोक त्यांच्यामागे वेडे आहेत. १८६८ साली जर्मनीतल्या नाहे नदीच्या खोऱ्यात युलियस शारलॉक यांना एक झाड मिळालं. त्याचा महाछद मधोमध चिरून दोन लांब फाळके झाले होते आणि ते फुलावर गाढवाच्या कानांसारखे उभे होते. आजही तो प्रकार शारलॉक यांच्याच नावाने ओळखतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ होती ती ‘पॉक्युलिफॉर्म’ फुलाची. यात आतल्या तीन पाकळ्या बाहेरच्यांचंच रूप घेतात. सहाही लांब, सहाही पांढऱ्या, खाच नाही, खूण नाही. दुसऱ्या वर्षी एका ओढ्याकाठी मला सहा सारख्या पाकळ्यांची फुलं दिसली आणि मी आनंदाने चिखलातच बसले. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवट ठिपका, पानं रुंद आणि चकचकीत हिरवी. स्नोड्रॉपची पानं अरुंद, राखाडी-निळसर झाक असलेली. मी पाहत होते ते ल्यूकोजम होतं, स्नोड्रॉपचं चुलत भावंड, त्याच ओलाव्यात वाढणारं. तेव्हापासून आधी पान बघायचं आणि मग फूल, ही सवय लागली.

स्लोव्हेनियाच्याच रानात इतके प्रकार का? ल्युब्लियाना विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचे योझे बाव्चोन यांनी तिथल्या स्नोड्रॉपची असंख्य रूपं वर्षानुवर्षं नोंदली आहेत. मला उमगलेलं कारण असं. बागेत लावलेला स्नोड्रॉप बहुतेक वेळा कांद्याला बाजूने पिल्लं फुटूनच वाढतो. एका कांद्याचे शंभर झाले तरी ती शंभर फुलं म्हणजे एकच झाड. पाहायला गालिचा सुंदर, पण त्यात नवं काही निघायची शक्यता कमी. हे फूल जिथलं मूळचं आहे त्या रानात मधमाश्या लवकर बाहेर पडतात, परागण होतं, बी धरतं. आणि बियाणातून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, आपल्या घरातल्या मुलांसारखं. म्हणून मी दाट पुंजके सोडून विखुरलेली, एकेकटी झाडं बघत चालायचे. तिथेच काही सापडायचं.

आणखी एक अनुभव सांगते. एका उतारावर मला बाहेरच्या चार पाकळ्यांचं फूल मिळालं. मी फोटो काढले, शेजारच्या दगडाची खूण लक्षात ठेवली, वर्षभर लोकांना सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याच दगडापाशी, त्याच झाडाला तीनच पाकळ्या. कधी कळी तयार होताना काही बिनसतं, कधी गारठा लागतो, आणि त्या एका वर्षापुरतं फूल निराळं उमलतं. म्हणून एकदा पाहून नोंद पुरी होत नाही. सलग तीन वर्षं तेच रूप दिसलं तरच मी वहीत लिहायचे.

इथे मला कळकळीने एक बोलायचं आहे. २०२२ साली ‘गोल्डन टिअर्स’ नावाच्या पिवळ्या स्नोड्रॉपचा एकच कांदा ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला. तो बागेत संकरातून तयार केलेला होता, त्यात काहीच गैर नाही. पण अशा किमती ऐकून कोणीतरी खुरपं घेऊन रानात शिरतं. रानातले कांदे असे लुटले जाऊ नयेत म्हणून १९९०पासूनच गॅलँथसच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय त्यांचे कांदे सहसा सीमेपार नेता येत नाहीत. माझ्याही मनात एकदा आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते एक झाड उपटलं की त्याचे पराग, त्याचं बी, सगळं त्या रानातून जातं. पुढचं वेगळं फूल जिथून जन्मणार तीच जागा आपण रिकामी करतो.

खरं पॉक्युलिफॉर्म मला चौथ्या हंगामात दिसलं. हॉर्नबीमच्या झाडाच्या मुळाशी एकटंच, अरुंद निळसर पानांचं. आरसा खाली धरला: सहा पाकळ्या, आत कुठेही हिरवा थेंब नाही. पुढची दोन वर्षंही ते तसंच आलं. त्यातल्या शेवटच्या वर्षी मी मे महिन्यात पुन्हा गेले. देठ जमिनीवर आडवा पडला होता, बोंड उकललं होतं आणि फिकट बिया मातीवर सांडल्या होत्या. प्रत्येक बीला एक मऊ, तेलकट शेपटी असते. मुंग्यांना ती आवडते, म्हणून त्या बी ओढत वारुळाकडे नेतात. मी पाऊण तास तिथे बसले. शेवटची बी एका मुंगीने साधारण हातभर अंतरावरच्या मुळाखाली नेली. त्या रोपांना फूल यायला निदान तीन-चार वर्षं लागतात. ते हॉर्नबीम नकाशावर कुठे आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी तिकडे जाणार आहे.