जांभ्याचा मनोरा

श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली आहे. जुन्या गोव्यात, मोंत सांतो टेकडीवर, एका पडक्या चर्चचा हा मनोरा अजून निथळतोय. उंची 46 मीटर. समोरून बघितलं तर मनोरा, बाजूनं बघाल तर त्याचा अर्धा भागच नाही.

ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टिनच्या पंथाचे ख्रिस्ती संन्यासी, गोव्यात आले 1572 साली. त्यांचं हे चर्च, नोसा सिन्योरा दा ग्रासा, 1602मध्ये पुरं झालं. शेजारी मठ.

पण आधी दगडाजवळ जाऊ. हा जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा तसा तासून घ्यावा. वारा लागला की टणक. कोकणात घराच्या जोत्यापासून विहिरीपर्यंत सगळीकडे चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला दगड, दिसतो तो यामुळेच. आता ही भोकं बघा. पाऊस इथूनच आत शिरतो आणि दगड आतून पोखरत जातो. म्हणून जुने गवंडी जांभ्यावर चुन्याचा जाड गिलावा चढवायचे. गिलावा तडकला की भरायचा, पुन्हा चुन्याचा हात मारायचा. हल्ली हौसेनं उघड्या चिऱ्याची घरं बांधतात, बांधोत बापडे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर बॉम जेझूस बासिलिका आहे. 1950च्या दशकात तिचा गिलावा मुद्दाम उतरवला, का तर इमारत अधिक जुनी दिसावी. तिचा लाल दगड गेली सत्तर वर्षं पाऊस खातोय.

इथं गिलावा कुणी उतरवला नाही. 1835 साली पोर्तुगीज सरकारच्या हुकमानं मठ बंद झाले, संन्यासी गेले आणि चुना लावणारं कोणी राहिलं नाही. 1842मध्ये छत आत कोसळलं, 1931मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा.

खाली बघून चाला, पायाखाली थडगी आहेत. कोरलेली अक्षरं पोर्तुगीज, वर घराण्यांची चिन्हं. कडेला निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे, पावसानं धुऊन लख्ख.

आणि ही मठाच्या सभागृहाची जागा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624मध्ये इराणात शिराझला हाल करून मारलं. तिनं धर्म बदलायला नकार दिला होता. ऑगस्टिनियनांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. एका जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा लिहिलेली होती: सभागृहातली दुसरी खिडकी. पण भिंतच पडलेली, तर खिडकी शोधायची कुठं? पुरातत्त्व खात्यानं आधी ढिगारा उपसला, जमिनीची आखणी शोधली, भिंतींचे पाये जुळवले आणि मग खिडक्या मोजल्या. 2004 साली हाताचं एक हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचा डीएनए तपासला. आईकडून येणारा जो वंशगट निघाला, तो त्यांच्याकडच्या हजारो भारतीय नमुन्यांत कुठंच नव्हता, जॉर्जियन लोकांत मात्र सापडला. 2021च्या जुलैत अवशेष जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला पोचले.

पुन्हा मनोऱ्याकडे. वरच्या कमानीतून फक्त ढग दिसतात. इथली घंटा आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहावर गेली. 1871पासून ती पणजीत आहे, पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चमध्ये. त्या चर्चला दर वर्षी पावसाळा सरला की नवा रंग देतात.